नाव पुसून देणारी

माझं मूळ आमोण्याचं. डिचोली तालुक्यातलं आमोणे, मांडवीच्या काठचं, आणि आमचं घर काठाच्या इतकं जवळ की भरतीचं पाणी शेताच्या बांधाला लागलं की त्याचा आवाज न्हाणीत ऐकू यायचा. बापूस बार्जवर खनिज भरायला जायचा, संध्याकाळी आला की अंगभर तांबडी माती, आणि आई ओरडायची, आधी न्हाणीत जा, मग घरात पाऊल घाल. न्हाणीत भाण असायचं. तुला भाण ठाऊक आहे ना गो बाय? तुमच्याकडे गीझर असेल. भाण म्हणजे तांब्याचं मोठं भांडं, चुलीवर मातीत पक्कं बसवलेलं, अख्ख्या घराच्या आंघोळीचं पाणी त्यात तापायचं. आईला ते तिच्या बापाने लग्नात दिलेलं. काठावर छिन्नीच्या टोकाने ठोकून अक्षरं काढलेली, चि. सौ. द्वारका हिस तिच्या वडिलांकडून. आईला वाचता येत नव्हतं, पण चिंच लावून भाण घासताना त्या अक्षरांवरून तिचा हात हळू जायचा, ते मी रोज बघितलंय.

मग बापूस अंथरुणाला लागला आणि एक दिवस भाण गेलं. डिचोलीच्या बाजारातला एक भांडीवाला येऊन घेऊन गेला. मी तेव्हा तिसरीत असेन, जोडाक्षरं नुकती वाचता यायला लागलेली, आणि काय सांगू तुला, वाचायचं असं वेड की दिसेल ते मोठ्याने वाचायची, दुकानाची पाटी, बसवरचं नाव, बिस्किटांचा पुडा, बाईंनीच सांगितलेलं, दिसेल ते वाचा म्हणून. बाजाराच्या दिवशी शेजारीण आणि तिच्या दोन मुली डिचोलीला निघाल्या, त्यांच्याबरोबर मी. त्या दुकानाच्या दारात आकड्याला भाण टांगलेलं, घासून लखलखीत केलेलं, आणि मी पुढे जाऊन अक्षरांवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, चि. सौ. द्वारका हिस. सगळं वाचलं, वडिलांकडून पर्यंत. वाचून झालं आणि मग मला कळलं मी काय वाचलं ते. शेजारीण म्हणाली, अगो, ही द्वारका म्हणजे तुझीच आवय ना गो? आणि हसली. वाईट बाई नव्हती ती, पण हसली. घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही, पण वाडीवर माझ्या आधी बातमी पोचलेली. आई त्या दिवसापासून विहिरीवर सगळ्यांच्या वेळेला जायची बंद झाली. बायका पाणी भरून घरी गेल्या की ही जायची, भर उन्हात. विकायचं तर सगळेच विकतात, त्याचं काय एवढं. पण नाव बाजारात टांगलं गेलं, आणि ते वाचलं मी, तिच्या पोटच्या मुलीने.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्याच्यातूनच आलं.

लग्न होऊन मी पेडण्याच्या बाजूला आले. घो काजूच्या कारखान्यात, माणूस गरीब, आवाज चढवणं त्याला माहीत नाही, घरात आवाज चढवायचं काम माझ्याकडे. आता तो नाही. पगार पुरेना म्हणून मी म्हापशाहून प्लॅस्टिकच्या बालद्या, मग, टब आणून डोक्यावरून गावोगाव फिरवायला लागले, रोख नको, जुनं तांबं-पितळ द्या आणि नवं न्या. हरमलपासून इकडे मोप्याच्या डोंगरापर्यंत मी पायी फिरलेय. लोक द्यायचे, पण फुटका तांब्या, वाकडी पळी, असलंच. मोठं भांडं कोणी बाहेर काढायचं नाही. एका घरात बाईने घागर काढली, परत आत नेली, परत काढली, परत आत. मी म्हटलं, बाये, तिला उचकी लागली की काय, आत-बाहेर, आत-बाहेर. तर ती हसली नाही. घागरीवरचं नाव पदराने झाकून उभी होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घोच्या पेटीत कानस होती, दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले, तिच्या ओट्यावर बसले आणि तिच्या डोळ्यांसमोर नाव घासून काढलं. अर्धा तास लागला. मग म्हटलं, आता बोल, हिचं काय देऊ?

तिथून माझा धंदा धावायला लागला. बाकीचे भंगारवाले माझ्यापेक्षा जास्त द्यायचे, मी कमी द्यायचे, तरी बायका मलाच निरोप पाठवायच्या, कारण मी नाव पुसून न्यायची आणि तोंड बंद ठेवायची. भाव पाडताना मला लाज वाटली नाही कधी. समोरची बाई रडली तरी मी भाव चढवला नाही, रडणं वेगळं आणि तांबं वेगळं. तापट म्हणशील तर आहे. हरमलच्या एका हॉटेलवाल्याने ठरलेल्या शब्दावरून फिरवाफिरवी केली तर त्याच्या स्कूटरची चावी मी त्याच्याच विहिरीत टाकली, आणि म्हटलं, आता पायी जा आणि वाटेत शब्द आठव. तोच परत आला माल घ्यायला. लोक मला कानसवाली म्हणतात. जयवंती म्हणून विचारलंस तर दुकान सापडायचं नाही, कानसवाली म्हण, कुठलाही बसवाला दारात उतरवील.

गीझर आले तेव्हा भाणं निघाली, घरटी एक. त्यातली अर्धी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गेली. मी डोळ्यांनी बघितलंय, एका बाईने हळदी-कुंकू लावून, पाया पडून दिलेलं भाण, हरमलला त्यात बर्फ आणि बीरच्या बाटल्या, आणि एक गोरा त्यात पाय घालून बसलेला. मग डिचोलीकडे खाणी बंद पडल्या तेव्हा दुसरी लाट आली. ज्यांच्या दारात दोन-दोन ट्रक होते त्यांच्या बायका मला मागच्या दाराने बोलवायला लागल्या. आमोण्याच्या शेजारीणबाईची सून, तीही. मी तिचंही नाव पुसलं, आणि एक शब्द बोलले नाही.

आईचं भाणही मला परत मिळालं. साखळी गावाजवळ एका घरात जुना माल बघायला गेले तर माळ्यावर उपडं पडलेलं, काठावर तेच, चि. सौ. द्वारका हिस. त्या दिवशी मी भाव केला नाही असं समजू नको, केला, चांगला दणकून केला, समोरच्याला कळू दिलं नाही की मला ते किती हवंय. टेम्पोत घालून थेट आमोण्याला आईकडे नेलं. मला वाटलेलं, रडेल, हात फिरवील. तिने बघितलं, लांबूनच, आणि म्हणाली, तुझी कानस आहे ना बरोबर? मी म्हटलं, आई, आता ते आपल्या घरात आलं. ती म्हणाली, किती घरांनी वाचलंय ते, काढ. तिच्या ओट्यावर बसून मी आईचं नाव काढलं. तिसरीत वाचलेली अक्षरं, एकेक करून. ते भाण मी कधी विकलं नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते. तू ज्यासाठी फोन चालू करून बसलीस ती.

पेडणे तालुक्यातलंच एक गाव, नाव मी सांगणार नाही, तू लिहू नको. त्या गावात एक काकी होती, विधवा, कौलारू घर, थोडी काजूची बाग, एकच झील, तिचा मुलगा, शिकायला बेळगावला. तिने निरोप पाठवला, दुपारी ये, माणसं जेवून पडलेली असतात तेव्हा. गेले तर भाण तिने न्हाणीतून आधीच उकरून काढून ठेवलेलं, चुलीची माती हातापायांना लागलेली. जुनं भाण, जाड, गळ्याखाली तांब्याची तीन ठिगळं, तीन बोटं ठेवावी तशी. म्हणाली, झिलाची फी भरायची आहे. मी भाव सांगितला, तिने घासाघीस केली नाही. फक्त म्हणाली, नाव काढ, आणि माझ्या झिलाक कळूक नको. मी म्हटलं, काकी, नाव पुसणं आणि तोंड मिटणं, दोन्ही माझ्या भावात धरलेलं असतं. ती म्हणाली, तसं नको बोलू, शब्द दे. मी दिला. तिच्या सासूचं नाव होतं काठावर. घासून काढलं, बारदानात गुंडाळलं, आणि तिने आणि मी मिळून टेम्पोत चढवलं.

झील सुट्टीत आला. आंघोळीला गेला, तर न्हाणीत चुलीच्या जागी खड्डा. आई, भाण कुठे? आणि काकीच्या तोंडातून निघून गेलं, चोरीला गेलं. बस्स, एवढंच. तिने कोणाचं नाव घेतलं नाही, हे मी तिच्या बाजूने सांगते. नाव गावाने घेतलं. काकीकडे घरकामाला निंगव्वा यायची, बेळगावकडची, नवरा चिऱ्याच्या खाणीवर चिरे काढायचा, माळावर झोपडी. गावाला दुसरं कोण सापडणार? ती घाटी, ती घरात येणार-जाणार, तिनेच नेलं. तिची झोपडी उलथीपालथी केली, तांदळात हात घालून बघितलं, काय, भाण तांदळात लपतं? खाणवाल्याने नवऱ्याला कामावरून काढलं, आणि नवऱ्याने तो राग निंगव्वावर काढला.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी आठ-दहा दिवसांनी पेडण्याच्या स्टँडवर बसची वाट बघत उभी, तर निंगव्वा तिथे बोचकी घेऊन बसलेली, उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला. ओळख होती आमची, काकीकडे तिने मला पाणी दिलेलं. मी विचारलं, अगो, हाताला काय झालं? तिने सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, बाई, ते भाण मला रिकामं बी उचलत न्हाई, मी ते कुठं नेऊ, आणि कशी नेऊ, तुम्हीच सांगा. तुम्हीच सांगा, म्हणाली. आणि भाण त्या वेळी माझ्या गोदामात होतं, स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बाळंतपण झालं का गो तुझ्या बहिणीचं? असंच काहीतरी. मग तिची बस आली. एका हाताने तिला बोचकी चढवता येईनात, ती मी चढवून दिली. तेवढं केलं मी.

त्याच दिवशी काकीकडे गेले आणि ओट्यावरूनच सुरू झाले, मला काही आवरत नाही एकदा सुटल्यावर. म्हटलं, आत्ताच्या आत्ता चार माणसं बोलव आणि सांग. काकीने दार लावून घेतलं आणि माझे पाय धरले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई. म्हणाली, आता सांगितलं तर झील विचारील फीचे पैसे कुठून आले, मी त्याला सांगितलंय मामाने दिले, तो शिक्षण सोडून घरी येईल, आणि गाव म्हणेल ही खोटारडी, एका गरिबाला घालवलं. म्हटलं, घालवलंसच ना? ती म्हणाली, होय. पण तू शब्द दिलायस. आणि बाय, माझ्या धंद्याचं सगळं भांडवल तो शब्दच होता. मी उठून आले.

ते भाण मी वितळवलं नाही. गिऱ्हाईकं आली, दिलं नाही. गोदामाच्या तळाला घालून वर बाकीचं रचलं. कितीदा आवरलं गोदाम, पण त्याला हात लावला नाही. निंगव्वाची चौकशी मी केली, एकदा नाही चारदा, चिऱ्याच्या खाणींवर, बेळगावच्या बसमधल्या बायकांकडे. शेवटी एकीने सांगितलं, ती गेली. तिच्या गावात तिला कोणी कामाला घेईना. इकडची गोष्ट तिच्याआधी तिकडे पोचलेली, चोर म्हणून. कुठल्या दुखण्याने गेली ते त्या बाईला माहीत नव्हतं. मीही परत विचारलं नाही.

काकी गेली. झील मास्तर झाला, हेडमास्तर झाला, निवृत्त झाला, आणि तुमच्या त्या संग्रहाचा अध्यक्ष झाला. हो, तेच तुझे मास्तर. हे मी तुला सांगितलं नाही, त्यांनी स्वतःच माईकवरून ओरडून सांगितलं ते भाण आपलं म्हणून, तू तिथेच होतीस. मास्तर माझ्या दुकानात आले तेव्हा तुम्ही दोघी-तिघी मुली बरोबर होता. म्हणाले, जयवंतीबाय, आपल्या पेडणे-डिचोलीचा रोजचा इतिहास आम्ही गोळा करतोय, राजेरजवाड्यांचा नाही, चुलीचा, न्हाणीचा, शेताचा, लोकांच्या तोंडचा. तुमचं गोदाम म्हणजे खजिना. आजवर मला खजिना कोणी म्हटलं नव्हतं, भंगार म्हणायचे. मी पाघळले. चाळीस भांडी दिली, फुकट. आयुष्यात पहिल्यांदा फुकट दिलं, आणि नशीब बघ, तेच अंगावर आलं.

त्या चाळिसांत ते भाण होतं. चुकून गेलं असं मी बाकीच्यांना सांगते. तुला खरं सांगते, मीच काढून दिलं. का दिलं ते मला विचारू नको. नाव पुसलेलं आहे, कोण ओळखणार, असं मनाला सांगितलं. इतकी वर्षं मी नावं पुसली, आणि मला वाटायचं नाव पुसलं की भांडं मुकं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मी नवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत. प्रत्येक भांड्याखाली कार्ड, घर अज्ञात, घर अज्ञात, घर अज्ञात. मास्तर माईक घेऊन एकेका भांड्यापाशी थांबून बोलत होते. म्हणाले, ह्या घासलेल्या जागा बघा, भंगाराच्या धंद्याने आपल्या पूर्वजांची नावं खाल्ली. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, तुमच्याच आयांनी सांगितलं पुस म्हणून.  मग ते त्या भाणापाशी आले. हात ठेवला गळ्यावर, सहज, आणि हात तिथेच राहिला. तीन बोटं तीन ठिगळांवर बरोबर बसली. लहानपणी गरम पाण्याची वाट बघत तो त्या ठिगळांवर ओली बोटं टेकवत असणार, चर्र वाजतं ना तसं. तुम्ही सगळ्यांनी बघितलं, त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. म्हणाले, हे आमचं. हे आमच्या न्हाणीतलं.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढे बोलले. म्हणाले, हे आमच्या कामवाल्या निंगव्वाने चोरलं होतं, माझी आई त्या धक्क्याने शेवटपर्यंत सावरली नाही. आणि चोरीचा माल कोणी विकत घेतला ते आज आपल्याला दिसतंच आहे.

मी उभी राहिले. माझं तोंड तू ओळखतेस. दोन तालुक्यांत माझ्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. सगळ्यांना वाटलं आता फुटणार. आणि मला समोर मास्तर दिसेनात, काकी दिसली, न्हाणीच्या मातीने भरलेले हात घेऊन, आणि तिच्या मागे निंगव्वा, हात गळ्यात बांधून, तुम्हीच सांगा म्हणणारी. एकीला शब्द दिलेला. दुसरीला काहीच दिलेलं नाही, एक शब्दसुद्धा. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मास्तर म्हणाले, जाऊ दे, मी माफ केलं तुम्हाला. माफ केलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या गो. मी चपला न घालताच बाहेर आले.

मी गप्प बसले, म्हणजे कबूल केलं, असंच धरलं सगळ्यांनी. कोणी बोलवत नाही आता. बाजारात एक जण म्हणाला, काय जयवंतीबाय, आज कोणाच्या न्हाणीतलं? त्याच्या आईचा पितळी हंडा मी नेलेला, त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, तुझ्या आवशीला विचार, आणि मग जीभ चावली, कारण तेवढंसुद्धा जास्त झालं. मास्तरांनी भाण घरी नेलं, ओट्यावर ठेवून त्यात झाड लावलंय म्हणे.

आणि आता तू आलीस. म्हणतेस, मावशी, कुठलं भांडं कुठल्या घरातलं ते तुम्हाला एकटीलाच माहीत, सांगा, आम्ही कार्डावर लिहितो, नाहीतर तुमच्याबरोबर सगळं जाईल. जाईल हे खरं. मला एकूण एक पाठ आहे, कान कुठला, पोचा कुठला, कोणाच्या बारशाचं, कोणाच्या बाराव्याचं. पण बाय, ज्यांनी पुसायला सांगितलं त्यांनी विचार करून सांगितलं. ती घासलेली जागा आहे ना, तोच त्यांचा इतिहास. तुमच्या कार्डावर अज्ञात लिहू नका. मी अज्ञात नाही. लिहा, ह्या घराने नाव पुसून मागितलं, पुसणारी जयवंती. ही माझी पहिली अट.

दुसरी अट ही बघ. हे बारदान काढ. जड आहे, सांभाळ.

हे आईचं भाण. काठावर जिथे द्वारका होती, तिथे बघ. मागच्या आठवड्यात म्हापशाला नेलं. हाताने नाव घालणारा एक म्हातारा अजून बसतो तिथे, बाकी सगळे मशीनवाले. त्याने विचारलं, कोणाला भेट? मी म्हटलं, भेट नाही, लिही मी सांगते ते. अक्षरागणिक पैसे सांगायला लागला. मी म्हटलं, काना-मात्रा फुकट धर, नाहीतर मशीनवाल्याकडे जाते. धरल्या त्याने. वाच आता, मोठ्याने वाच, मला ऐकायचंय.

निंगव्वा हिने भाण चोरलं नाही. सांगणार जयवंती.

बास, एवढंच. काकीचं नाव नाही, गावाचं नाही, मास्तरांचं नाही. काकीला दिलेला शब्द मी मोडलेला नाही, तिच्या झिलाला मी काही सांगितलं नाही. तो मास्तर आहे, वाचता येतं त्याला. काकीकडे पुढे जाब द्यायचा तो मी देईन. निंगव्वाला हे पोचणार नाही, मला कळतं ते. उशीर झाला, फार उशीर झाला, आणि तो मीच केला.

तू म्हणशील, मास्तर अध्यक्ष आहेत, कमिटी हे ठेवून घेणार नाही. तर कमिटीला माझा भाव सांग. हे भाण मधोमध ठेवलंत, तर गोदामातली उरलेली सगळी भांडी तुमची, एक पैसा नको. नाही ठेवलंत, तर परत आण, मी माझ्या दुकानाच्या दारात आकड्याला टांगते, बस थांबतात तिथे, सगळ्या पेडण्याला येता-जाता वाचू दे. टांगलेलं कसं वाचतात लोक, ते मला चांगलं ठाऊक आहे.

चल, गाडीपर्यंत एक बाजू मी धरते. तुझी उमर लहान आहे, तुला बरं आयुष्य मिळो, आणि कोणी तुम्हीच सांगा म्हणालं तर तुझ्या तोंडाला आवाज फुटो, माझ्यासारखं होऊ नये. आणि तू हे लिहून काढलंस तर काढ, पण कागद कोणीही फाडतो. तांब्यावरचं काढायचं तर कानस लागते, आणि ह्या तालुक्यात ती माझ्याकडे आहे. मी आता कोणाचं काही पुसणार नाही.